उष्मागतिकीचे नियम आणि त्यांचे व्यवहारातले उपयोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या आसपासच्या कारखान्यांत मी बरीच वर्षं युटिलिटी विभाग सांभाळला. बॉयलर, चिलर, कूलिंग टॉवर, कॉम्प्रेसर, सगळं त्यात आलं. आता दांडिया बाजारातल्या घरी संध्याकाळी डिप्लोमा आणि डिग्रीच्या मुलांना थर्मोडायनॅमिक्स शिकवते. मुलं प्रश्न विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, मकरपुऱ्यात वर्कशॉप चालवणारे जुने ओळखीचे फोन करून विचारतात. वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

बाई, नियम एकूण किती? आणि शून्यावा कुठून आला?

नियम चार: शून्यावा, पहिला, दुसरा आणि तिसरा. दोन वस्तू तिसऱ्या वस्तूशी तापमानाने बरोबरीत असतील तर त्या एकमेकींशीही बरोबरीत असतात, असं शून्यावा सांगतो. वाचताना वाटतं, यात सांगण्यासारखं काय? पण थर्मामीटर याच नियमावर चालतो. काचेतला पारा तापाच्या अंगाशी बरोबरीत आला, आणि तोच पारा आधी ठरावीक तापमानाच्या वस्तूशी बरोबरीत आणून काचेवर खूण केलेली होती, म्हणून आपण आकडा वाचू शकतो. बाकीचे नियम रुजून गेल्यावर, 1930 च्या दशकात राल्फ फाउलर यांनी हे नाव दिलं. त्याच्याशिवाय तापमान या शब्दालाच अर्थ राहत नाही, म्हणून त्याला पहिल्याच्याही आधी जागा द्यावी लागली.

उष्णता आणि तापमान यांत फरक काय? दोन्ही एकच नाहीत का?

नाहीत, आणि हा फरक हाताला कळतो. गणपतीत मोदकपात्राचं झाकण उघडताना मनगटावर वाफ आली तर बसणारा चटका आठवा. आत उकळणारं पाणी 100 अंशांचं आणि वाफही 100 अंशांचीच. तरी वाफेचा भाजलेला डाग खोल जातो. कारण असं, की एक किलो उकळतं पाणी 40 अंशांपर्यंत निवलं तर साधारण 250 किलोजूल उष्णता देतं. एक किलो वाफ आधी पाणी होताना 2257 किलोजूल देते आणि मग निवताना वरचे 250. म्हणजे तेवढ्याच वजनात जवळपास दहापट. तापमान तेच, उष्णता मात्र दहापट.

मोदक दहा-बारा मिनिटांत सगळीकडून सारखे उकडतात तेही याच कारणाने. उकडीचा जो भाग थंड असेल तिथे वाफ जास्त जमते आणि त्याला जास्त उष्णता देते. वेगळं काही ढवळावं लागत नाही. औषधं, रंग, रसायनं बनवणारे कारखाने वाफेवर चालतात त्यामागेही हेच आहे.

पहिला नियम म्हणजे "ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही". त्यात शिकण्यासारखं काय आहे?

पाठ केलेलं वाक्य बरोबर आहे, पण त्याने गणित सुटत नाही. पहिला नियम ही हिशेबाची वही आहे. आत किती आलं, बाहेर किती गेलं, शिल्लक किती, हे प्रत्येक यंत्राला मांडता आलं पाहिजे.

उष्णता आणि काम या एकाच ऊर्जेच्या दोन वाटा आहेत, हे कळायला माणसाला वेळ लागला. 1798 मध्ये रम्फर्ड यांनी म्यूनिकमध्ये तोफांना भोक पाडताना पाहिलं, की धातू घासत राहील तोवर उष्णता निघतच राहते. ती संपत नाही, म्हणजे ती धातूत साठवलेला पदार्थ असू शकत नाही. पुढे 1840 च्या दशकात जेम्स जूल यांनी पडणाऱ्या वजनांच्या जोरावर पाण्यात वल्हं फिरवलं आणि पाणी किती तापतं ते मोजलं. आज आपण लिहितो तो आकडा: एक कॅलरी म्हणजे 4.186 जूल. याचा अंदाज यावा म्हणून मुलांना मी पावागड दाखवते. एक किलो पाणी फक्त एका अंशाने तापवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्यात ते पाणी 427 मीटर उंच उचलता येतं, म्हणजे गडाच्या निम्म्या चढापेक्षा वर. आपण रोज पाणी किती सहज तापवतो आणि चढताना किती दमतो!

भौतिकशास्त्रात कामाच्या आधी वजाबाकीचं चिन्ह आणि रसायनशास्त्रात बेरजेचं. खरं कोणतं?

दोन्ही खरी. अभियांत्रिकीत यंत्राने बाहेर केलेलं काम धन धरतात, म्हणून आतली ऊर्जा वाढते ती उष्णता वजा काम. रसायनशास्त्रात बाहेरून यंत्रावर केलेलं काम धन धरतात, म्हणून तिथे बेरीज. उत्तरपत्रिकेच्या पहिल्याच ओळीत कोणती पद्धत घेतली ते लिहा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. मुलांचे सर्वात जास्त मार्क मी इथेच जाताना पाहिले आहेत.

ऊर्जा नष्टच होत नसेल तर "ऊर्जा वाचवा" असं का सांगतात?

सगळ्या प्रश्नांत हा मला सर्वात मोलाचा वाटतो. तो विचारणाऱ्या मुलाला मी आधी शाबासकी देते, कारण इथूनच दुसरा नियम सुरू होतो.

ऊर्जेला प्रमाण असतं तसा दर्जाही असतो. पहिला नियम प्रमाणाचा हिशेब ठेवतो, दुसरा दर्जाचा. प्रमाण कायम राहतं. दर्जा प्रत्येक व्यवहारात थोडा उतरतो आणि आपोआप परत कधीच चढत नाही. आपण वाचवायचा असतो तो दर्जा.

घरातलंच उदाहरण घ्या. जानेवारीत सकाळी नळाचं पाणी 20 अंशांचं आहे. अंघोळीला 15 लिटर पाणी 40 अंशांचं हवंय. त्याला 1256 किलोजूल लागतात, म्हणजे साधारण 0.35 युनिट वीज. दीड किलोवॅटचा रॉड बादलीत सोडला तर जेमतेम पंधरा मिनिटांचं काम. पहिल्या नियमाला विचारलं तर तो म्हणेल, रॉड जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम आहे, सगळी वीज पाण्यातच गेली.

आता दुसऱ्या नियमाला विचारू. वीज ही सर्वात वरच्या दर्जाची ऊर्जा. तिने मोटर फिरते, दिवा लागतो, लोखंड वितळतं. 40 अंशांचं पाणी मात्र हवेपेक्षा थोडंच गरम, त्याच्याकडून जवळपास काहीच काम करून घेता येत नाही. हिशेब केला तर त्या बादलीतल्या उष्णतेत काम करण्याची क्षमता फक्त 3 टक्के उरते. म्हणजे रुपया मोडला आणि तीन पैशांची वस्तू घरी आणली. बाकीचे सत्त्याण्णव पैसे कोणी चोरले नाहीत, ते उष्णतेच्या रूपात बादलीतच आहेत, पण आता ते कुठे चालत नाहीत.

म्हणूनच अंघोळीच्या पाण्याला गच्चीवरचा सोलर हीटर इतका शोभतो. कमी दर्जाच्या कामाला कमी दर्जाची उष्णता. कारखान्यातली निम्मी हुशारी याच एका गोष्टीत असते.

एन्ट्रॉपी म्हणजे पसारा, असं सगळीकडे सांगतात. बरोबर आहे का?

मला ही तुलना आवडत नाही आणि मी वर्गात ती वापरत नाही. घरातली खोली पसरलेली आहे की आवरलेली, हे बघणाऱ्याच्या नजरेवर ठरतं. एन्ट्रॉपी मोजता येणारी राशी आहे. स्टीम टेबलमध्ये, म्हणजे वाफेच्या गुणधर्मांच्या तक्त्यात, तिचा स्वतंत्र रकाना असतो, एकक असतं, दशांश स्थळं असतात.

1865 मध्ये क्लॉसियस यांनी हा शब्द घडवला तेव्हा त्यांच्यापुढे साधा भागाकार होता: उष्णता किती गेली, भागिले ती कोणत्या तापमानाला गेली. समजा 1000 जूल उष्णता 500 केल्विनच्या भांड्यातून 300 केल्विनच्या हवेत गेली. भांड्याने 2 गमावले, हवेने 3.33 कमावले. प्रमाणाची बेरीज शून्य, पण या दुसऱ्या वहीत 1.33 जास्तीचे जमा झाले. हा जमा आकडा कधीच वजा होत नाही, हा दुसरा नियम. आणि जेवढा तो आकडा मोठा, तेवढा दर्जा वाया गेला. विद्यार्थ्याने एवढा भागाकार चार वेळा हाताने केला की एन्ट्रॉपीची भीती जाते.

कार्नोचं सूत्र पाठ आहे, पण उत्तर 92 टक्के येतं. चुकतं कुठे?

तुम्ही सेल्सियस घातलं. सूत्र असं: कमाल कार्यक्षमता म्हणजे 1 वजा (खालचं तापमान भागिले वरचं). दरवर्षी कोणी ना कोणी वीजकेंद्राचं वरचं तापमान 540 आणि खालचं 45 थेट सूत्रात टाकतं आणि आनंदाने 92 लिहितं. आधी 273 मिळवा. 813 आणि 318 केल्विन. मग उत्तर 61 टक्के येतं.

सादी कार्नो हे फ्रान्सच्या सैन्यातले अभियंते. 1824 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी दाखवलं की उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाची कमाल मर्यादा आतल्या द्रव्यावर अवलंबून नसते, ती वरच्या आणि खालच्या तापमानावरच ठरते. आठ वर्षांनी ते कॉलऱ्याने गेले. उष्णता हा एक प्रकारचा द्रव आहे असं ते तेव्हा धरून चालले होते. ती समजूत पुढे चुकीची ठरली, निष्कर्ष मात्र आजही तसाच उभा आहे. मला ही गोष्ट फार हलवून जाते.

मग वीजकेंद्रं 61 टक्के का देत नाहीत?

कारण 61 हा आदर्श चक्राचा आकडा, ज्यात उष्णता देताना आणि घेताना तापमानात फरकच नसतो. प्रत्यक्षात भट्टी हजार अंशांच्या वर आणि वाफ साडेपाचशेच्या आसपास. त्या एकाच पायरीवर दर्जा मोठ्या प्रमाणात पडतो. शिवाय पाणी तापवायला सुरुवात होते तेव्हा ते थंड असतं, त्यामुळे उष्णता सरासरीने बरीच खालच्या तापमानाला दिली जाते. जुन्या पद्धतीची कोळशाची केंद्रं साधारण 35 ते 38 टक्क्यांवर थांबतात.

सुधारणा करायची तर वरचं तापमान आणि दाब चढवायचा. पाण्याचा क्रांतिबिंदू 374 अंश आणि सुमारे 221 बार. त्याच्यावर पाणी आणि वाफ असा भेदच राहत नाही. अशा केंद्रांना सुपरक्रिटिकल म्हणतात. खेडा जिल्ह्यात महीच्या काठी वणाकबोरीला जुने 210 मेगावॅटचे संच आहेत आणि शेजारी 800 मेगावॅटचा सुपरक्रिटिकल संच आहे. तंत्रज्ञानाच्या दोन पिढ्या एकाच आवारात बघायच्या असतील तर ते उत्तम ठिकाण. गॅस टर्बाइनच्या गरम धुरावर पुन्हा वाफ बनवली, म्हणजे कम्बाइन्ड सायकल केली, तर 60 टक्क्यांपर्यंत पोचता येतं.

मे महिन्यात कूलर छान चालतो आणि जुलैत नुसता दमट वारा येतो. कूलर बिघडतो का?

कूलर ठीक आहे, हवा बदलली. कूलरमधलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं. हवा कोरडी असेल तर वाफ भरपूर होते. मे महिन्यात दुपारी हवा 42 अंशांची आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर ओल्या फडक्याचा थर्मामीटर साधारण 24 दाखवतो. कूलर हवेला त्या दिशेने ओढतो. जुलैत हवा 32 अंशांची पण आर्द्रता 80 टक्के, तेव्हा तोच थर्मामीटर 29 वर अडतो. तीन अंशांत कूलर काय करणार? माठातलं पाणी पावसाळ्यात गार होत नाही तेही यानेच.

याला लागूनच एक गोष्ट, जी नव्या इंजिनिअरांना चकवते. कारखान्याचा कूलिंग टॉवर हा मोठा कूलरच आहे. सगळे समजतात, मे महिन्यात त्याची सर्वात वाईट अवस्था असेल. पण टॉवरचं पाणी जुलै-ऑगस्टमध्ये जास्त गरम येतं. मग कंडेन्सरमध्ये व्हॅक्यूम कमी मिळतो, चिलरचा दाब चढतो, आणि ऑपरेटर म्हणतो, "बेन, बाहर तो ठंडक छे, तोय प्लांट गरम केम चाले छे?" त्याला मी ओल्या फडक्याचा थर्मामीटर दाखवायची.

फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल का?

उलट गरम होईल. फ्रिज समोरून जेवढी उष्णता घेतो तेवढी, आणि वर कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज, असं सगळं मागच्या जाळीतून त्याच खोलीत सोडतो.

एसीचा "टन" म्हणजे काय? आणि खाल्लेल्या विजेपेक्षा जास्त थंडावा तो कसा देतो?

बर्फ विकत आणून थंडावा करायचे त्या काळातलं हे माप आहे. एक अमेरिकन टन बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तो दर म्हणजे एक टन, 3.517 किलोवॅट. दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर काढतो आणि वीज घेतो साधारण दीड किलोवॅट. यात नियम मोडत नाही, कारण एसी थंडावा तयार करत नाही, उष्णता उचलून बाहेर नेतो. हमाल पोतं वाहतो, पोत्याएवढं अन्न त्याला खावं लागत नाही.

मात्र किती उंच चढवायचं यावर मजुरी ठरते. आत 18 आणि बाहेर 44 हा चढ मोठा. आत 26 ठेवलं तर चढ कमी. थर्मोस्टॅट एका अंशाने वर नेला की साधारण 6 टक्के वीज वाचते, असं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगतं, आणि ते याच चढाच्या हिशेबाशी जुळतं. बाहेरच्या युनिटसमोर जुन्या खुर्च्या आणि पुठ्ठे रचून ठेवू नका. त्याला हवा मिळाली नाही की त्याच्यासाठी बाहेर 44 चं 50 होतं.

आमच्याकडे 10 किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाचा बॉयलर आहे, पण मशीनला 3 किलो लागतात. मधल्या पीआरव्हीमध्ये ऊर्जा वाया जाते का?

मकरपुऱ्यातून हा फोन दर दोन-चार महिन्यांनी येतो, आणि थोडक्यात उत्तर देऊन मला समाधान होत नाही.

पीआरव्ही म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह. वाफ त्यातल्या अरुंद फटीतून सुटते आणि पलीकडे पसरते. व्हॉल्व्ह काम करत नाही, बाहेर उष्णता सोडत नाही. त्यामुळे पहिल्या नियमाप्रमाणे शून्य नुकसान. किलोमागे एन्थाल्पी, म्हणजे वाफेसोबत वाहणारी एकूण ऊर्जा, आधी 2781 किलोजूल, नंतरही तेवढीच. 184 अंशांची वाफ साधारण 160 अंशांना येते, एवढाच फरक दिसतो. अकाउंटवाला म्हणेल, सगळं जागेवर आहे.

पण तीच वाफ 10 वरून 3 वर उतरताना टर्बाइनमधून नेली असती तर तिने किलोमागे आदर्श स्थितीत 185 किलोजूल काम केलं असतं. ताशी 5 टन वाफ असेल तर ते सुमारे 250 किलोवॅट होतात. लहान टर्बाइनची कार्यक्षमता निम्मीच धरली तरी सव्वाशे किलोवॅट वीज. पीआरव्हीच्या त्या शिट्टीसारख्या आवाजात ही शक्यता चोवीस तास विरत असते.

टर्बाइनने काम काढून घेतलं म्हणजे पलीकडे वाफेत उष्णता थोडी कमी येते, मग मशीनला तेवढंच तापमान द्यायला थोडी जास्त वाफ लागते, थोडं जास्त इंधन जळतं. पहिला नियम फुकट काही देत नाही. पण ते जादा इंधन जवळजवळ पूर्णपणे विजेत बदलतं, तर वीजकेंद्रात त्यातलं तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडंच जास्त विजेत येतं. साखर कारखाने, कागद गिरण्या, खतांचे प्रकल्प हे शतकभर करत आले आहेत. याला को-जनरेशन म्हणतात. तुमची वाफ ताशी अर्धा टनच असेल तर टर्बाइनचा खर्च निघणार नाही. मग पीआरव्हीच ठेवा, मात्र बॉयलर मुळात 10 वर चालवायची गरज आहे का ते तपासा.

बॉयलरच्या इंधनाचा खर्च कमी करायला पहिल्यांदा कुठे बघावं?

कंडेन्सेट. वाफ मशीनमध्ये काम करून पाणी होते, ते पाणी अजूनही 90-100 अंशांचं असतं, शिवाय क्षार नसलेलं. ते परत फीड टँकमध्ये, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीत, आलं पाहिजे.

माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही ते दोन वर्षं गटारात सोडत होतो. शेडच्या मागे हिवाळ्यात गटारातून इतकी वाफ निघायची की पहाटेच्या पाळीचे लोक तिथे हात शेकत उभे राहायचे. फीड टँक 35 अंशांवर असायचा. मी तोंडी सांगितलं, कागदावर सांगितलं. "पाणी काय, बोअरचं आहे, फुकट आहे" असं उत्तर यायचं. कोणी पाण्याकडे उष्णता म्हणून बघतच नव्हतं. मला त्याचा आजही राग येतो. शेवटी पाइप टाकला, टँक 80 वर गेला. धंद्यातला ठोकताळा असा, की फीडचं पाणी दर 6 अंशांनी तापलं की इंधन 1 टक्का वाचतं. 45 अंश म्हणजे साडेसात टक्के.

त्यानंतर स्टीम ट्रॅप बघा. ट्रॅपने पाणी सोडायचं आणि वाफ अडवायची. उघडा अडकला की वाफ सरळ निसटते. चांगला ट्रॅप सोडतो तेव्हाही तोंडाशी वाफेचा ढग दिसतो, कारण 10 बारचं उकळतं पाणी मोकळ्या हवेत आलं की त्यातलं 16 टक्के पुन्हा वाफ होतं. म्हणून ढग दिसला म्हणजे ट्रॅप खराब, असं लगेच ठरवू नका. खराब ट्रॅपमध्ये तोंडालगतच एक पारदर्शक निळसर पट्टा असतो, ढग त्याच्या पुढे सुरू होतो, आणि तो थांबत नाही. हा पट्टा ओळखायला मला एका म्हाताऱ्या फायरमनने शिकवलं. त्या पट्ट्याजवळ हात नेऊ नका. दिसत नाही तीच खरी वाफ.

वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेस्ड हवा इतकी महाग का पडते?

हवा दाबली की तापते, आणि आपण ती उष्णता आफ्टरकूलरने फेकून देतो. विजेचा साधारण दहावा हिस्साच हवेच्या हत्यारातून काम म्हणून बाहेर येतो. रविवारी मशीन बंद असताना कॉम्प्रेसर चालू करून शेडमध्ये उभे राहा आणि ऐका. जिथे सुसू आवाज येईल तिथे जोड घट्ट करा. हवेने टेबल झाडणं बंद करा, झाडू घ्या.

रिफायनरीत या नियमांचा उपयोग कुठे होतो?

कोयलीची रिफायनरी 1965 पासून चालू आहे, आणि बडोद्यात रात्री दिसणारी तिची ज्योत सगळ्यांना ठाऊक आहे. कच्चं तेल ऊर्ध्वपातन मनोऱ्यात जाण्याआधी साधारण 360 अंशांपर्यंत तापवावं लागतं. त्याच वेळी मनोऱ्यातून निघणारं डिझेल, केरोसिन गरमागरम असतं आणि ते निववायचं असतं. मग एकाची उष्णता दुसऱ्याला द्या. कच्चं तेल आधी कोमट उत्पादनांजवळून, मग जास्त गरम उत्पादनांजवळून, अशा हीट एक्स्चेंजरच्या रांगेतून जातं आणि भट्टीला शेवटचा टप्पाच उरतो. कोणाची जोडी कोणाशी लावायची याचं शास्त्र 1970 च्या दशकात बोडो लिनहॉफ आणि इतरांनी बसवलं. त्याला पिंच अ‍ॅनालिसिस म्हणतात. प्रत्येक जोडीत तापमानाचा फरक जितका लहान, तितका दर्जा टिकतो, पण एक्स्चेंजर तितका मोठा आणि महाग होतो. हा तोल साधणं हे अभियंत्याचं काम.

मोटरने जनरेटर फिरवायचा आणि जनरेटरने मोटर. असं यंत्र चालेल का? व्हिडिओत तर चालतं.

चालणार नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 मध्येच अशा यंत्रांचे प्रस्ताव तपासणं बंद केलं. व्हिडिओत कुठेतरी लपवलेली तार किंवा बॅटरी असते. कोणी पैसे गुंतवायला सांगत असेल तर देऊ नका. या एका प्रश्नापायी ओळखीतल्या एका घराने जमवलेले पैसे घालवले, म्हणून इतक्या स्पष्टपणे लिहिते.

तिसऱ्या नियमाचा आपल्याला काय उपयोग?

वाल्टर नेर्न्स्ट यांनी 1906 मध्ये मांडलेला हा नियम असं सांगतो, की वजा 273.15 अंशांच्या निरपेक्ष शून्याला मर्यादित पायऱ्यांत पोचता येत नाही. जितकं खाली जाल तितकी पुढची पायरी अवघड. हेलियम 4.2 केल्विनला द्रव होतो आणि त्यावर रुग्णालयातल्या एमआरआयचं चुंबक थंड राहतं.

आपल्या जवळचं उदाहरण दहेजचं. भरूच जिल्ह्यातल्या तिथल्या टर्मिनलवर 2004 पासून जहाजातून द्रव नैसर्गिक वायू येतो, वजा 162 अंशांचा. द्रव केला की त्याचं आकारमान साधारण सहाशेपट कमी होतं, म्हणून जहाजाने आणणं परवडतं. इथे लक्षात घ्या, अतिथंड वस्तूलाही दर्जा असतो. वायू द्रव करायला परदेशात खूप काम खर्ची पडलेलं असतं आणि ते त्या थंडीत साठून आलेलं असतं. तो द्रव नुसता हवेवर किंवा पाण्यावर तापवून पुन्हा वायू केला की ते सगळं जातं. त्या थंडीवर हवेतून ऑक्सिजन वेगळा काढता येतो, शीतगृहं चालवता येतात, वीजही बनवता येते.

हा विषय मराठीतून शिकता येतो का? की शब्द अडतात?

येतो. एन्ट्रॉपी, एन्थाल्पी, बॉयलर हे शब्द तसेच ठेवा आणि विचार आपल्या भाषेत करा. याच गावात सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपवलं. तंत्रशिक्षण सामान्य घरातल्या मुलांपर्यंत पोचावं, हा त्यामागचा हेतू होता. त्याच कलाभवनातून आजची विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा वाढली. आज माझ्याकडे येणारा मुलगा घरी मराठी, गल्लीत गुजराती, कॉलेजात इंग्रजी बोलतो. ज्या भाषेत त्याला "का?" विचारता येतं त्या भाषेत तो शिकतो.

घरी करण्यासारखा एखादा प्रयोग सांगा.

दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या बुडाला मलमलीची पट्टी गुंडाळा आणि पट्टीचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही गच्चीच्या सावलीत टांगा. ओल्या थर्मामीटरवर पुठ्ठ्याने दोन मिनिटं वारा घाला आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत रोज दुपारी तीन वाजता हे करा. मे महिन्यात दोघांमध्ये पंधरा-अठरा अंशांचं अंतर सापडेल. पहिला मोठा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा चुकवू नका. कोरडा थर्मामीटर खाली आलेला असेल आणि ओला वर गेलेला.